अप्पांच्या नावावर

माझे वडील चोरून कादंबऱ्या वाचतात, ही बातमी मला दुकानात, भर गर्दीच्या वेळी कळली. एका आजोबांच्या नाकावर मी तपासणीची चौकट बसवत होते आणि कानातल्या फोनवर पुण्याचे मल्हार गुप्ते बोलत होते. "स्नेहलताई, तुमच्या वडिलांचा ठसा आहे की आमच्याकडे! चारशेच्या वर कादंबऱ्या वाचल्यात त्यांनी स्क्रीनवर!" मी एवढ्या जोरात "काय?" म्हणून ओरडले की आजोबांना वाटलं, आपल्यालाच दटावलं. मघापासून दिसत नाही म्हणत होते ती सगळ्यात खालची ओळ त्यांनी घडाघडा वाचून दाखवली.

एवढं ओरडण्यासारखं काय होतं, ते सांगते. मी स्नेहल मगदूम. सांगलीत विश्रामबागला माझं चष्म्याचं दुकान आहे. अप्पा म्हणजे भूपाल आदगोंडा मगदूम, बँकेतून निवृत्त, राहायला गावभागात, आणि सांगलीतल्या वाचणाऱ्या मंडळींचे बिनपगारी न्यायाधीश. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर बसून ते पुस्तकांचे निकाल लावतात. घरात भिंतभर पुस्तकं, प्रत्येकाला खाकी कव्हर. स्क्रीनवर वाचणाऱ्यांना ते माणसातच धरत नाहीत. एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. ती त्यांनी दुसऱ्या पानापर्यंत वाचली, खूण म्हणून चष्म्याचं घर ठेवलं, "बरं आहे" म्हणाले, आणि ते घर पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच होतं. मीच शेवटी त्यांना नवीन घर दिलं.

अशा माणसाची मी मुलगी, आणि लिहायला घेतली कादंबरी! कित्येक वर्षं लिहीत होते. शेवटचं प्रकरण सोडून सगळं झालं होतं आणि ते शेवटचं काही केल्या होत नव्हतं. बसलं की अप्पा दिसायचे. ह्या वाक्याला नाक मुरडतील, इथे जांभई देतील, इथे मिटून ठेवतील. माझं म्हणणं एकच होतं, ह्या माणसाने माझं काहीतरी एकदा शेवटपर्यंत वाचावं. आवडलं नाही तरी चालेल, पण शेवटपर्यंत.

आता ठसा म्हणजे काय. माझ्याच धंद्यातली गोष्ट आहे, म्हणून नीट सांगते. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत नाही, तो उड्या मारतो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, पुढचे दोन शब्द सोडतो, पुन्हा टेकतो, काही सुटल्यासारखं वाटलं की मागे येतो. मन गुंतलं की बाहुली मोठी होते, कंटाळा आला की उड्या लांब पडायला लागतात. माणूस जसा लांबून चालीवरून ओळखू येतो, तशी प्रत्येकाच्या डोळ्यांची ही चाल वेगळी. गेली पंधरा-वीस वर्षं वाचायच्या टॅबमधले कॅमेरे ह्या चाली साठवत आलेत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, एका माणसाची दहा वर्षांची चाल मशीनला शिकवली, तर त्या माणसाने कधी न पाहिलेलं पुस्तकसुद्धा मशीन त्याच्यासारखं वाचेल. तो कुठे रेंगाळेल, कुठे डोळे पुसेल, कुठे पुस्तक मिटेल, सगळं चहा उकळेपर्यंत सांगून मोकळं. ह्याला म्हणतात वाचनठसा.

मल्हारांची 'अक्षरझरा' ही संस्था ह्याच जोरावर पुस्तकं काढते. आधी असा एक ठसा शोधायचा, ज्याचा पुस्तकावर जीव जडतो. तो प्रथम वाचक. मग तशाच चालीचे हजारो लोक शोधायचे आणि पुस्तक फक्त त्यांच्याच टॅबवर पाठवायचं. अर्ध्यात सोडणारा वाचक ह्यांच्याकडे जवळजवळ नाहीच. घरातल्या माणसाचा ठसा बऱ्याचदा पटकन जुळतो म्हणे, म्हणून त्यांनी विचारलं, घरात कोण वाचतं? मी अप्पांचं नाव सांगितलं ते नुसतं विचारलं म्हणून. आणि निघाल्या चारशे कादंबऱ्या! मला तर हसू आवरेना.

ठसा वापरायला खातेदाराचा अंगठा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावभागात हजर. आई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती. अप्पा आरामखुर्चीत.

"अप्पा, तुमचा अंगठा पाहिजे."

"का? घर लिहून घेतेस की काय?"

"तुमचा वाचनठसा माझी कादंबरी वाचणार आहे."

"माझा कसला ठसा? तुझ्या दादाने तो टॅब आणला तेव्हा दोन दिवस पेपर बघितला असेल त्यावर. डोळे चुरचुरले, ठेवून दिला."

"आणि चारशे कादंबऱ्या?"

"कुणी सांगितलं?"

"मशीनने."

"मशीन गाढव आहे!" अप्पा कडाडले. कान लालभडक झाले. मी मनात म्हटलं, सापडला की चोर! आयुष्यभर स्क्रीनला शिव्या घातल्या, आता कबूल कोणत्या तोंडाने करणार? त्यांनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला, एक अक्षर न वाचता अंगठा टेकवला आणि म्हणाले, "घे. आणि एकदाची गप्प बस."

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी निकाल उघडला. मशीन पानापानावर डोळ्यांची वाट काढून दाखवतं, आणि ती वाट माझ्या पानांवरून न थांबता पुढे जात होती. कंटाळा नाही, लांब उड्या नाहीत. एक जागा तर मी काढूनच टाकणार होते. माझी नायिका इंदू पाणवठ्यावर येते, नावेत बसते, पलीकडच्या काठाला जाते, उतरत नाही, आणि तशीच परत येते. अप्पा ह्याला पाल्हाळ म्हणणार ह्याची मला खात्री होती. त्या पानावर ठसा पुन्हा पुन्हा मागे आला होता! बाहुली मोठी, पापण्यांची उघडझाप वाढलेली. म्हणजे डोळ्यांत पाणी. माझे अप्पा, इंदूसाठी! आणि जिथे माझं लिखाण संपलं होतं, तिथे ठसा थांबलाच नाही. खालच्या रिकाम्या जागेत तो पुढची ओळ शोधत राहिला.

मग काय, सुटलेच मी! गिऱ्हाईक काचेतून अक्षरं वाचतंय आणि मी गल्ल्यामागे लिहितेय. जेवताना लिहिलं, रिक्षात लिहिलं. आता समोर नाक मुरडणारा माणूस नव्हता, पुढची ओळ मागणारा होता. इंदू शेवटी उतरते की नाही, हे मला कित्येक वर्षं ठरवता येत नव्हतं, ते एका सकाळी आपोआप ठरलं. शेवटचा पूर्णविराम दिला आणि दुकानातच टुणकन उडी मारली. कादंबरीचं नाव ठेवलं 'उतरायचं नाही'.

आता छापायची कशी, हा प्रश्न. मिरजेचे निजामभाई मुजावर वर्षानुवर्षं माझ्या मागे होते. छोटा छापखाना, छोटं प्रकाशन, माणूस सोन्यासारखा. "ताई, कादंबरी मला द्या," म्हणायचे. "पाचशे प्रती काढतो. कोण घेईल, कोण वाचेल, ते मला विचारू नका. पण छापलेलं पुस्तक विकलं नाही तर निदान घरात दिसतं तरी!" आणि इकडे मल्हारांचा आकडा आला: साठ हजार. साठ हजार माणसं, ज्यांच्या डोळ्यांची चाल माझ्या प्रथम वाचकासारखी आहे, जी माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचणार म्हणजे वाचणारच. पुढे अकरा भाषा. अट एकच, कागदावर काढायचं नाही. कागदाला वाचणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत, मग ह्यांना त्याचा उपयोग काय? तुम्हीच सांगा, पहिली कादंबरी लिहिणाऱ्या बाईने काय निवडावं? मी निजामभाईंना फोन करून माफी मागितली. "असू दे ताई, साठ हजार म्हणजे लई झाले," ते म्हणाले, पण आवाज पडला होता.

अक्षरझराचा एक रिवाज आहे. पुस्तकाच्या पहिल्या पडद्यावर प्रथम वाचकाचं नाव येतं आणि प्रकाशनाला त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. नाट्यगृह ठरलं. अप्पांना सांगितलं तर खेकसले, "मी वाचलेलीच नाही, मग सत्कार कसला?"

"तुमच्या ठशाने वाचलीय."

"मग शाल ठशाला घाला." पण दुसऱ्याच दिवशी कोट इस्त्रीला गेला, हे मला इस्त्रीवाल्याने सांगितलं.

करारावर अंगठा द्यायच्या आदल्या दिवशी मल्हारांनी समारंभासाठी केलेली छोटी फिल्म पाठवली. प्रथम वाचकाची ओळख. मी दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून मोठ्या पडद्यावर लावली. निवेदक भारदस्त आवाजात सांगत होता, "भूपालजी वाचायला बसतात ते दिवस कलताना. ही त्यांची ठरलेली वेळ. वाचता वाचता ते मान वर करतात, क्षणभर विचार करतात, पुन्हा वाचू लागतात. पुन्हा मान वर. तिसऱ्यांदा मान वर केली की उठून जातात, आणि थोड्या वेळाने परत येऊन तिथूनच पुढे वाचतात. असा हा चिंतनशील वाचक." गिऱ्हाइकं टाळ्या वाजवत होती, मीपण वाजवत होते. वाजवता वाजवता हात थांबले.

दिवस कलताना? दिवस कलताना अप्पा वाचनालयाच्या कट्ट्यावर असतात. पाऊस असो, पूर असो, कट्टा चुकत नाही. मग त्या वेळी घरात टॅब घेऊन कोण बसतं? आणि तीनदा मान वर करून कोण उठतं? आमचं घर जैनांचं. जेवण सूर्यास्ताच्या आत. दिवस कलला की स्वयंपाकघरात कुकर लागतो. एक शिट्टी, दुसरी शिट्टी, तिसरी शिट्टी, गॅस बंद.

"अगं बाई! भात!" मी ओरडले. सगळी माझ्याकडे बघायला लागली.

दुकान तसंच कामावरच्या पोरींवर सोडून मी रिक्षा केली. सगळं घर अप्पांच्या नावावर. वीज, गॅस, फोन, आणि दादाने आणलेला टॅबसुद्धा. घरात वाचणारं कोण म्हटलं की अप्पा. आमच्या डोक्यात दुसरं नावच आलं नव्हतं. आई म्हणजे शालन मगदूम, जिने माझ्याकडून जवळचा चष्मा करून घेतला होता तो "तांदूळ निवडायला" म्हणून.

आई स्टुलावर बसली होती. कुकर गॅसवर. टॅब पोह्यांच्या डब्याला टेकवलेला, आणि आईचे डोळे त्यावर. मला बघून तिने तो पटकन पालथा घातला.

"आलीस? भडंग देऊ?"

"आई, किती वर्षं वाचतेयस?"

"काय?" कुकरची शिट्टी झाली. आईने मान वर केली. मला एकदम हसूही आलं आणि रडूही.

"दादाने आणला तेव्हापासून," ती शेवटी म्हणाली. "ह्यांनी दोन दिवसांत टाकून दिला. म्हटलं, पडून कशाला राहायचा?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?" मग स्वतःच जरा हसली. "बोलले असते तर ह्यांनी माझी शिकवणी लावली असती. लग्न झालं त्या वर्षी एक जाडजूड कादंबरी दिली होती मला. आणि रोज जेवताना प्रश्न! अमका असं का वागला, तमक्याचा अर्थ काय. मी आमटी वाढतेय आणि उत्तरं चुकतेय. मला गोष्ट पाहिजे होती गं, परीक्षा नको होती."

मला राहवेना. मी तिचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. ठसा, प्रथम वाचक, साठ हजार लोक. "आई, तुझ्या डोळ्यांनी माझी कादंबरी वाचली! इंदू नावेत बसते तिथे तू पुन्हा पुन्हा मागे आलीस. रडलीस! अप्पा नव्हतेच ते, तू होतीस!" मला वाटलं, आता आई मला जवळ घेणार.

ती टॅबकडे बघत होती. "म्हणजे हा माझ्याकडे बघत होता?"

"म्हणजे, कॅमेरा असतो ना त्याला."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मी रडायचे तेव्हापण?"

"तेव्हापण."

दुसरी शिट्टी झाली. आईने मान वर केली नाही. "मला वाटायचं, दिवसातली एवढी एक वेळ माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही," ती म्हणाली. मग एकदम चिडलीच. "आणि तुझी कादंबरी मी वाचली म्हणे! रडले म्हणे! मला तर तिचं नावपण माहीत नाही. काय ठेवलंस नाव?"

"उतरायचं नाही."

"अस्सं." तिसरी शिट्टी झाली तशी ती उठली आणि गॅस बंद केला. पाठमोरीच विचारलं, "ते पुसता येतं का?"

मी तिथूनच मल्हारांना फोन लावला. मल्हार माणूस चांगला. दोन मिनिटं तोच गोंधळला, मग उत्साहाने म्हणाला, "ताई, हे तर आणखी छान! आईंचं नाव घालू, सत्कार आईंचा करू. लोक डोक्यावर घेतील!" मी पुसण्याचं विचारलं तेव्हा मात्र चाचरत म्हणाला, "खातेदाराच्या अंगठ्याने पुसता येतो. पण साठ हजार लोक शोधलेत ते ह्याच ठशावरून. ठसा गेला की जुळणी गेली. मग आम्हाला पुस्तक नाही काढता येणार, ताई. विचार करा."

आईने सगळं ऐकलं होतं. "सत्कार? माझा? स्टेजवर? काहीतरीच!" म्हणाली. मग टॅब पुसून डब्यांच्या मागे सरकवला. "राहू दे गं तो ठसा. साठ हजार म्हणजे थट्टा नाही. तुझं पुस्तक आहे, तू ठरव. मी आता त्यावर वाचणार नाही, एवढंच."

हे ती इतकं सहज म्हणाली, जणू उद्यापासून चहा बंद. खोटं कशाला बोलू, मला ते साठ हजार लोक हवे होते. अकरा भाषा हव्या होत्या. नाट्यगृह, टाळ्या, सगळं हवं होतं. आणि ह्या सगळ्यासाठी ही बाई उद्यापासून कुकरसमोर नुसती बसून राहणार होती. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि अप्पांची वाट बघायला लागले, कारण अंगठा त्यांचा होता.

अप्पा कट्ट्यावरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. मी सांगून टाकलं. आधी त्यांना कळेचना. मग कळलं, आणि तोंडाजवळ नेलेला घास परत ताटात आला.

"चारशे?"

"वर दहा-बारा असतील," आई म्हणाली. "आमटी गरम आहे तोवर घ्या."

"मी कट्ट्यावर बसून जगाला शिकवत होतो," अप्पा म्हणाले, "आणि तू इथे चारशे? काय काय वाचलंस? त्यात चांगलं कुठलं वाटलं?"

"अहो, झाली का सुरू परीक्षा?"

अप्पांनी ताटातला घास पुन्हा उचलला. इतकं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जेवण झालं, हात धुतले, चष्मा लावला आणि माझ्या फोनवरची ठसा पुसायची सूचना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. मग आईला विचारलं, "हे पुसायचंय ना तुला?"

आईने माझ्याकडे बघितलं.

"आणि तुझ्या पुस्तकाचं काय?" अप्पांनी मला विचारलं.

"निजामभाई छापतील," मी म्हणाले. मनाचं ठरायच्या आधी तोंडातून गेलंसुद्धा. आणि गंमत म्हणजे, वाईट वाटायच्या ऐवजी मला एकदम हलकं वाटलं. अप्पांनी अंगठा टेकवला. फोनवर अक्षरं आली, 'ठसा नाही'. बस, एवढंच. आईने डब्यांमागून टॅब काढला आणि माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा. आणि मला ते छापलेलं दे. लवकर."

"ताई, खरं सांगता?" निजामभाई फोनवर ओरडले. "पाचशे काढू?"

"हजार काढा!"

"वेड लागलं काय तुम्हाला!" म्हणाले, पण हसत होते. मग धावपळ नुसती! मुद्रितं तपासायला मी मिरजेच्या वाऱ्या केल्या. मुखपृष्ठावर नावेचं चित्र हवं की नको, ह्यावरून आमचं भांडण झालं आणि दोघांनी मिळून चहा पिऊन ते मिटवलं. मल्हारांचा एक निरोप आला: "ताई, मलापण एक प्रत ठेवा. माझ्या पत्त्यावर पाठवा, ऑफिसच्या नको." तो मी निजामभाईंना वाचून दाखवला तर ते खुर्चीवरून उठून नाचायचेच बाकी होते.

पहिला गठ्ठा सुटला तो रविवार होता. दुपारीच पिशवी घेऊन मी गावभागात गेले. पहिली प्रत आईला दिली. तिने ती उलटीपालटी केली, मागचं पुढचं बघितलं, पदराने उगाचच पुसली. मग सरळ जाऊन अप्पांच्या आरामखुर्चीत बसली. तांदूळ निवडायचा चष्मा लावला.

मी समोर बसले. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तू इथे बसलीस तर माझ्या डोळ्यांकडेच बघत राहशील. धंदाच आहे तुझा तो. जा बाहेर."

"आई, अगं..."

"जा म्हणते ना! अहो, तुम्हीपण. आणि चारला कुकर लावा, मी उठणार नाही."

तर आम्ही दोघं बाहेर सोप्यात. दार ओढून घेतलं होतं. माझी अवस्था दहावीच्या निकालापेक्षा वाईट. मशीन असतं तर एव्हाना कळलं असतं, ती कुठे आहे, रमलीय की कंटाळलीय. आता काही म्हणजे काही कळत नव्हतं. जीव नुसता वरखाली होत होता, आणि तरी मला सांगता येणार नाही इतकी मजा येत होती. अप्पा हाताची बोटं मोडत होते.

"कितव्या पानावर असेल?"

"मला काय माहीत अप्पा!"

"कंटाळली नसेल ना?"

"अप्पा, गप्प बसा हो!"

तेवढ्यात आतून आई हसली. नुसतं हसणं नाही, खदखदून, पोट धरून हसावं तसं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"विनोदी आहे का गं तुझी कादंबरी?"

"छे! एक विनोद नाही तिच्यात. ती रडवणारी आहे."

"मग ही हसतेय कशाला?"

आत पुन्हा हसू फुटलं. ह्या वेळी थांबेचना. अप्पा उठले, दाराला कान लावून उभे राहिले, परत आले, बसले, पुन्हा उठले. "जा, विचार तिला."

"नाही सांगणार ती. तुम्ही विचारा."

"मी विचारलं तर म्हणेल परीक्षा घेताय." पन्नास वर्षांच्या संसारात बायको एवढी कशावर हसली, हे ठाऊक नसलेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा बघितलं. मग त्यांनी माझ्या पिशवीकडे हात केला. "दुसरी प्रत आहे का त्यात?"

मी दिली. त्यांनी मधलंच एक पान उघडलं, दोन ओळी बघितल्या, मिटलं. शेवटाकडचं एक उघडलं, मिटलं. "कुठे हसली असेल?"

"खरंच नाही माहीत, अप्पा. कुठेही असेल."

"म्हणजे पहिल्यापासूनच बघायला पाहिजे," ते पुटपुटले. चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, आणि वाचायला लागले. मी हळूच उठले आणि पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले, म्हणजे त्यांचे डोळे मला दिसायला नकोत.